हातावरचा भंडारा

गहनानंद स्वामींच्या मठात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मठ म्हणजे काय, तर बंद पडलेल्या, कापसातली सरकी काढायच्या जिनाची पत्र्याची शेड. आतला सरकीचा वाससुद्धा अजून गेला नव्हता. पण दाराला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, मधोमध चौरंग मांडला आणि पलीकडचा माणूस दिसू नये इतका धूप जाळला, की कुठल्याही शेडचा मठ होतो. सोलापुरात असे मठ रेवणप्पा मास्तरांनी पुष्कळ पाहिले होते. उठलेले पाहिले होते आणि बसलेलेही पाहिले होते.

मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत. पेन्शन जवळ आली होती. उमेदीच्या काळात त्यांनी घाम फुटणारा मारुती उघडा पाडला होता, गुप्तधन दाखवणाऱ्या एका मांत्रिकाला भर पेठेत गाठलं होतं. दर वेळी लोकांनी त्यांना हार घातला, ‘मास्तर, तुम्ही आमचे डोळे उघडले’ म्हणाले, आणि चार-सहा महिन्यांत तेच लोक दुसऱ्या कुणाच्या तरी दारात रांगेत उभे. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? मास्तर थकले होते. यापुढे ज्याला बुडायचं त्यानं खुशाल बुडावं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तरी ते आज आले होते ते केराबाईसाठी. केराबाई धनगराची. नवरा येडू गिरणीत कामाला, ती शाळेतले रांजण भरायची. उन्हाळ्यात तिचं आठ महिन्यांचं लेकरू हगवणीनं गेलं. तेव्हापासून सासू अंबुबाईच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. लेकराच्या दुखण्यात सुनेनं देवाचा उपास धरला होता, तो तिनं चोरून मोडला असणार, म्हणून देव कोपला. केराबाई नाही म्हणत होती. शेवटी स्वामींसमोर भंडारा हातावर उचलून शपथ घ्यायची आणि सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी रिकामी घागर खाली ठेवून ती मास्तरांना म्हणाली होती, “तुमी नुसतं हुबं ऱ्हावा, मास्तर. मला लई भ्या वाटतंय.”

मठाच्या दारातच स्वामींचा शिष्य हात धुवायला लावत होता. तांब्याचं मोठं घंगाळ, त्यात ‘सप्ततीर्थांचं पाणी’. मास्तरांनीही हात बुडवले. बोटं एकमेकांवर बुळबुळीत सरकली. मास्तरांनी बोटांकडे पाहिलं, शिष्याकडे पाहिलं आणि गप्प आत जाऊन बसले. पेठेतले एक सरकीचे व्यापारी मात्र बाजूच्या दारानं आत आले. त्यांना कुणी हात धुवायला लावले नाहीत.

स्वामींचं प्रवचन सुरू झालं होतं.

“बाळांनो, भक्तीच्या सात भूमिका आहेत. प्रत्येक भूमिकेच्या नऊ कला. प्रत्येक कलेला एक बीज, बीजाला गुह्य, गुह्याला कुलूप. आणि किल्ली कुठे आहे?” स्वामींनी डोळे मिटले. सगळी शेड श्वास रोखून किल्लीची वाट बघू लागली. “किल्ली देहात आहे. पण देहाला ते ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे, तो देहात नाही.”

शेडभर माना डोलल्या. मास्तरांच्या शेजारी बसलेला येडू तर कमरेपासून डोलत होता.

“काय कळलं रे?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“काय न्हाय.”

“मग डोलतोस कशाला?”

“लई खोल हाय, मास्तर. आमास्नी कळण्यासारकं आसतं तर त्येच्यासाटी स्वामी कशाला लागला आसता?”

या उत्तरावर मास्तरांना हसू आलं नाही. आयुष्यभर ते हेच उत्तर वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले होते.

मग भंडाऱ्याची पारख सुरू झाली. भंडारा म्हणजे बिरोबाची, धनगरांच्या देवाची, हळद. बिरोबाच्या माणसानं भंडारा हातावर घेऊन शपथ वाहिली की ती जन्मात खोटी निघायची नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वाद भंडाऱ्यावर मिटायचा, माणसाच्या शब्दावर मिटायचा. स्वामींनी या साध्या रीतीला आपलं शेपूट जोडलं होतं. त्यांच्या मठात भंडारा स्वतःच निकाल द्यायचा. खऱ्याच्या हातावर पिवळा राहायचा, पाप्याच्या हातावर रक्तासारखा लाल व्हायचा.

व्यापाऱ्यांच्या हातावर तो सोन्यासारखा पिवळा राहिला. एका गिरणी कामगाराच्या हातावर लाल झाला. स्वामींनी त्याच्या तळव्यावर मंत्र पुटपुटत लिंबू पिळलं, आणि बघता बघता लाल ओसरून पुन्हा पिवळा झाला. “शुद्धी!” शिष्य ओरडला. तो कामगार रडतच स्वामींच्या पायावर पडला.

केराबाई पुढे आली. ओल्या हातावर भंडारा घेतला. तिचा आवाज इतका बारीक होता की पुढच्या ओळीलाच ऐकू गेला. “माज्या लेकराच्या दुकण्यात म्या उपास मोडला न्हाय. मोडला आसंल तर...”

पुढचं तिला बोलावंच लागलं नाही. तळव्यावरचा भंडारा विटकरी झाला, मग लाल झाला.

अंबुबाईनं तोंडाला पदर लावला. स्वामींनी मोठा सुस्कारा सोडला. “देवानं रक्त दाखवलं. हिचं पाप लिंबानं फिटायचं नाही. मोठं अनुष्ठान करावं लागेल. तोवर हिला उंबऱ्याच्या आत ठेवाल, तर या घरात पुढचं लेकरूही जगणार नाही.”

अनुष्ठानाला काय काय लागेल ते शिष्यानं येडूच्या कानात सांगितलं. ते ऐकून येडूचं तोंड उतरलं. एवढं आणायचं कुठून? त्यानं दुसरा रस्ता धरला. पुढच्या रविवारी, गिरणीच्या सुट्टीला, तो केराबाईला सांगोल्याला तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडणार होता. तिथं आधीच तीन साल पावसाचं नाव नव्हतं, आणि भावजय काय म्हणेल ते सांगायला ज्योतिषी नको होता.

घरी जाताना मास्तरांना आपण ठरवलेलं सगळं विसरावं लागलं. त्यांना लबाडी कळली होती. घंगाळातल्या पाण्याचा तो बुळबुळीतपणा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांची बायको दर आठवड्याला त्याच पाण्यात धोतरं भिजवायची.

मंगळवारी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर मास्तर येडूच्या चाळीसमोरच्या चौकात उभे राहिले. हायस्कुलातल्या सायन्सच्या मास्तरांकडून त्यांनी निळा-तांबडा कागद आणला होता, काचेच्या दोन नळ्या आणल्या होत्या. पंचवीस-तीस माणसं जमली. मास्तरांनी मनापासून समजावलं. द्रव्यांचे दोन वर्ग असतात, एक आम्ल आणि दुसरा अल्क. हळदीतल्या रंगद्रव्यावर अल्काची क्रिया झाली की त्याचा वर्ण पालटतो, आम्लानं तो पूर्ववत होतो. हा कागद पाहा, तो निळ्याचा तांबडा होतो. यातून काय सिद्ध होतं?

मागून एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “मास्तरनंबी मंतरलेला कागुद आणलाय.”

येडू समोरच उभा होता. तो चिडला नव्हता, उलट त्याला मास्तरांची कीव येत असावी. “मास्तर, स्वामी बोलत्यात ते आमास्नी कळत न्हाय, तुमी बोलताय तेबी कळत न्हाय. पर स्वामीकडं देव हाय. तुमच्याकडं नळी हाय. आमी कुनाचं ऐकायचं?”

चौक रिकामा झाला. मास्तर नळ्या पुसत उभे राहिले. सात भूमिका आणि नऊ कलांचं आपण मनातल्या मनात हसं केलं, आणि इथं येऊन दोन वर्ग आणि एक वर्ण सांगितला. फरक एवढाच की आपलं खरं होतं. पण ऐकणाऱ्याला जे कळलंच नाही, ते खरं असून त्याच्या काय कामाचं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी केराबाई रांजण भरायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मास्तर म्हणाले, “केरा, तू भिऊ नकोस. तू उपास मोडला नव्हतास, हे मला माहीत आहे.”

“तुमाला माहीत हाय,” ती म्हणाली. “मलाच माहीत न्हाय.”

“म्हणजे?”

तिनं घागर खाली ठेवली. “आदी वाटत हुतं की न्हाय मोडला. आता वाटतंय, कुनाला ठाव? लेकराला मांडीवर घिऊन बसल्या बसल्या डोळा लागायचा. झोपंत उटून पानी प्याले आसंल. गुळाचा खडा तोंडात टाकला आसंल. देव खोटं कशाला सांगंल, मास्तर? म्याच मारलं आसंल त्येला.”

सांगोल्याला जाणं एकवेळ निभलं असतं. पण स्वामींनी तिच्या हातावर लाल रंग दाखवून तिचं स्वतःवरचं मनच मोडून टाकलं होतं. आता ती जिथे जाईल तिथे स्वतःच स्वतःला लेकराची मारेकरीण समजत बसणार होती. मास्तरांना संताप आला. कैक वर्षांत आला नव्हता एवढा आला.

ती घागर उचलता उचलता म्हणाली, “तुमी काल लई येळ बोलला म्हनं. मला समजंल आसं कायतरी सांगा की.”

संध्याकाळी मास्तर बिरोबाच्या देवळात गेले. देऊळ छोटं, पत्र्याचं छप्पर, पुढे कडुलिंबाचं झाड. पुजारी बिरप्पा पायरीवर एकटाच लोकर पिंजत बसला होता. पूर्वी रविवारी हे अंगण भरलेलं असायचं. आता चाळीतली निम्मीअधिक माणसं जिनाच्या शेडीकडे वळली होती.

“लोक का गेले रे तुझ्याकडून?” मास्तरांनी विचारलं.

बिरप्पानं हातातलं काम थांबवलं नाही. “माज्याकडं काय हाय सांगाया? कपाळाला भंडारा लावा, खोटं बोलू नगा, मुक्या जनावराला पानी दावा, आईबाला जेवाया घाला. माजा बा एवडंच सांगायचा. त्येच्या बानंबी एवडंच सांगितलं. सोपं सांगितलं की लोकास्नी वाटतंय, ह्येला कायबी यीत न्हाय.”

मास्तर पायरीवर टेकले. ते लिंगायत, घरात कानडी बोलणारे, बिरोबाच्या देवळात ते कधी नमस्काराला आले नव्हते. देव आहे की नाही या भानगडीत पडायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. पण हा म्हातारा सांगत होता त्यात लपवलेलं काही नव्हतं, आणि कुणाला भ्यायला लावणारंही काही नव्हतं. ऐकलेला माणूस घरी जाऊन तसं वागू शकत होता. यापलीकडे धर्म शिकवायचा म्हणजे आणखी काय शिकवायचं, हे मास्तरांना कळत नव्हतं.

“बिरप्पा, रविवारी तुझ्या देवाचा भंडारा दे मला. लोकांपुढे दाखवायचंय.”

बिरप्पाचे हात थांबले. “देवाची परीक्षा घ्यायची?”

“देवाची नाही. पाण्याची.”

मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं, या खेपेला एकही मोठा शब्द न वापरता. बिरप्पानं देवाकडे बघितलं आणि म्हणाला, “देवाच्या नावानं खोटं चाललं आसंल तर ते देवाच्याच दारात उगडं व्हाया पायजे. पर पैला हात माजा.”

रविवारी सकाळी येडू केराबाईला घेऊन निघाला. गाव सोडण्याआधी बिरोबाला नारळ द्यायचा म्हणून दोघं देवळात आली. बरोबर अंबुबाई होती, चाळीतले बघे होते. दुसऱ्याचं घर मोडताना बघायला माणसांना बोलवावं लागत नाही. कडुलिंबाखाली मास्तर उभे होते, पायाशी पाण्याची बादली. हातात ना कागद ना नळी.

“अंबुबाई,” मास्तर म्हणाले, “घरी धुण्याचा सोडा आहे का?”

“हाय की. कशाला?”

“मूठभर आणा. तुमच्याच घरचा आणा, माझा नको. आणि तुमच्याच घरचं एक लिंबू.”

चाळ समोरच होती. अंबुबाई कुरकुरत गेली आणि पुडी घेऊन आली. मास्तरांनी तिलाच तो सोडा बादलीत टाकून ढवळायला लावला. मग ते बाजूला झाले.

बिरप्पा पुढे आला. त्यानं दोन्ही हात बादलीत बुडवले, देवाच्या वाटीतला भंडारा चिमटीनं घेतला आणि ओल्या तळव्यावर चोळला. हात लोकांसमोर धरला.

भंडारा लाल झाला.

बिरोबाचा पुजारी, ज्याच्या तोंडून चाळीनं कधी खोटं ऐकलं नव्हतं, त्याच्या हातावर रक्त.

“म्या काय पाप केलं?” बिरप्पा शांतपणे म्हणाला. “सांगा की कुनीतरी.”

“येडू, आता तू,” मास्तर म्हणाले.

येडू मागे सरकला. अंबुबाईनंच त्याला पुढे ढकललं. त्याचेही हात लाल झाले. तो हातांकडे बघतच राहिला. मग मास्तरांनी त्याला देवळाच्या रांजणातल्या साध्या पाण्यानं हात खळखळून धुवायला लावले आणि पुन्हा भंडारा दिला. हळद पिवळीच राहिली. बिरप्पाच्या लाल तळव्यावर त्यांनी अंबुबाईचं लिंबू पिळलं. लाल ओसरून पिवळा.

“शुद्धी झाली,” मास्तर म्हणाले. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

“सोड्याचं पाणी लागलं की हळद लाल होते. लिंबू लागलं की परत पिवळी. एवढंच आहे. पाप्याची हळद लाल होते आणि पुण्यवानाचीही होते. स्वामींच्या दारातल्या घंगाळात हाच सोडा आहे. ज्यांनी हात धुतले ते पापी ठरले, व्यापाऱ्यांनी धुतले नाहीत, ते पुण्यवान ठरले.”

“आगं बया,” अंबुबाई म्हणाली, “हळदीच्या लुगड्याला सोडा लावला की डाग लालच व्हतोय. म्या धा येळा बघितलंय.”

“बघितलं सगळ्यांनीच होतं,” मास्तर म्हणाले. “घरात बघितलेलं मठात आठवत नाही, ही खरी अडचण. माझं ऐका असं मी म्हणत नाही. माझंही ऐकू नका. बादली इथं आहे, हात तुमचे आहेत. जो कोणी तुम्हाला कळणार नाही असं बोलतो, त्याला ‘सोपं करून सांगा’ म्हणा. खरं असेल तर तो सांगेल. नसेल तर चिडेल.”

मग एकेक जण बादलीकडे आला. पोरं आली, बाया आल्या. कुणीतरी म्हणालं, चला, स्वामींचाच हात त्यांच्या घंगाळात बुडवून बघू, आणि बघता बघता जवळजवळ सगळं अंगण जिनाच्या शेडीकडे पळालं. स्वामी तेव्हा समाधीत होते. समाधीतल्या माणसाला भेटता येत नाही असं शिष्यानं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी समाधी, स्वामी, शिष्य आणि घंगाळ यांतलं काहीच जागेवर नव्हतं. पुढे ते कुर्डुवाडीकडे दिसले म्हणतात. म्हणजे आता तिकडच्या एखाद्या मास्तराच्या मानगुटीवर ते काम बसलं असणार.

अंगणात चौघं-पाचच उरली. येडू पायरीवर मान खाली घालून बसला होता. केराबाई बादलीजवळ गेली. तिनं हात बुडवला, भंडारा लावला, लाल झालेला बघितला. रांजणाच्या पाण्यानं धुतला, पुन्हा लावला, पिवळा बघितला. असं तिनं तीनदा केलं. मग ती मास्तरांकडे वळली.

“मग माजं लेकरू कशानं गेलं?”

हा प्रश्न मास्तरांना अपेक्षित नव्हता. आजवर त्यांनी इतकी बुवाबाजी उघडी पाडली, पण त्यानंतर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. विचारायच्या आधीच हार घालून लोक घरी जायचे. आम्ल आणि अल्कासारखे चार शब्द त्यांच्या जिभेवर आले, ते त्यांनी गिळले.

“हौदाच्या पाण्यानं,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात हौद तळाला जातो, पाणी घाण होतं. ते पोटात गेलं की लेकरांना हगवण लागते, अंगातलं पाणी जातं. पाणी उकळून, गार करून पाजायचं. हगवण लागलीच तर पाणी बंद करायचं नाही, घोटघोट पाजत राहायचं, आणि दवाखान्यात न्यायचं. तुझा उपास मोडला असता किंवा नसता, त्यानं काही फरक पडला नसता. तुझ्याकडून काही चुकलं नाही, केरा.”

केराबाई ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती ते पुसत नव्हती, तिचे दोन्ही हात हळदीचे होते.

“एवडंच?” ती म्हणाली. “पानी उकळायचं?”

“एवढंच.”

“ह्ये तर लई सोपं हाय की, मास्तर. मग आमास्नी कुनी सांगितलं का न्हाय?”

मास्तर बिरप्पाकडे बघू लागले, बिरप्पा देवाकडे. येडू उठला, त्यानं बायकोचं गाठोडं पायरीवरून उचललं आणि चाळीकडे चालू लागला. थोडं पुढे जाऊन थांबला, ती येतेय का ते बघायला.